घाट सकाळी उतरावा, दुपारी चढावा

पुण्याहून महाबळेश्वरला जायचा सरळ रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. सातारा महामार्ग, सुरूर फाटा, वाई, पाचगणी. तीन तासांत माणूस हॉटेलच्या खोलीत. या रस्त्याला नावं ठेवायची नाहीत, पण ज्याला गाडी चालवण्याचीच हौस आहे त्याने महाबळेश्वरला मागच्या दाराने शिरावं. म्हणजे आधी भोरवरून वरंध घाट उतरून महाडला, म्हणजे थेट कोकणात जायचं. मग पोलादपूरहून आंबेनळी घाटाने पुन्हा सह्याद्री चढायचा. येताना पसरणी घाटाने वाईत उतरून घरी. एकूण फेरी तीनशे किलोमीटरच्या आसपास. दोन दिवस, एक मुक्काम.

अशा सहलीचं नियोजन किलोमीटरवर केलं की फसतं. पोलादपूर ते महाबळेश्वर अंतर साधारण 40 किलोमीटर. महामार्गावर अर्धा तास, इथे मात्र कुठेही न थांबता सव्वा ते दीड तास. कारण नकाशात दिसत नाही, उंचीत आहे. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसं वर नाही, तर महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. सुमारे तेराशे मीटरची ही चढण सरळ रेषेत गाठायची तर दोन्ही गावांमधलं अंतर वीसेक किलोमीटरच भरेल. पण त्यातला मोठा भाग उभ्या कड्याचा आहे. म्हणून रस्ता बांधणारा काय करतो, तर लांबी वाढवतो. डोंगराच्या कुशीत शिरतो, सोंडेवरून बाहेर येतो, जागा संपली की मागे वळतो. चढ गाडीला झेपेल इतपत राहावा एवढ्यासाठी ही सगळी वळणं आहेत.

आणि कडा एकाच बाजूला आहे. भोरकडून वरंधला जाताना नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता आरामात जातो. टेकड्या, भातखाचरं, वाड्या. आपण डोंगरात आहोत असं फारसं वाटतही नाही. मग एका खिंडीत जमीन संपते आणि समोर थेट कोकण उघडतं. खिंडीच्या दोन्ही अंगांना कावळ्या किल्ला आहे. रस्ता काढताना तो मधोमध कापला गेला, त्यामुळे गाडी अक्षरशः किल्ल्यातून पलीकडे जाते. जवळच वाघजाईचं ठाणं, भजी-चहाच्या टपऱ्या आणि माकडं. भजी खावीत, पण गाडीच्या काचा वर करून ठेवाव्यात. माकडांना काही देऊ नये. दिलं की ती रस्त्यावरच बसून राहतात, आणि मग वळणावरून येणाऱ्या ट्रकसमोर सापडतात.

घाटाच्या कापलेल्या बाजूकडे जरा नजर टाका. काळ्या दगडाचे एकावर एक थर दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. मधूनमधून विटकरी रंगाचा एखादा मऊ पट्टा असतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तयार झालेली माती वरून आलेल्या लाव्ह्याने भाजून निघाली, तिची ही खूण. वरचा कठीण दगड भेगाळलेला, खालचा थर मऊ. पावसाचं पाणी भेगांतून मुरत मऊ थरापर्यंत गेलं की दरड सुटायला वेळ लागत नाही. 22 जुलै 2021 ला याच भागातल्या, महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला आणि 80हून अधिक माणसं गेली. त्या पावसात आंबेनळी घाटाचीही दैना झाली होती. तेव्हा पावसाळ्यात हे दोन घाट करूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. धबधबे हवेत तर दुसरीकडे पुष्कळ आहेत. वरंध घाट तर बहुतेक पावसाळ्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने अंशतः किंवा पूर्ण बंदच असतो, आणि रुंदीकरणाच्या कामासाठी इतर वेळीही बंद राहिलेला आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी भोर किंवा महाडच्या एसटी स्थानकात फोन करून गाड्या घाटाने जाताहेत का, एवढं विचारावं. मोबाइलवरच्या नकाशाला हे उशिरा कळतं.

उत्तम काळ म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारी. हवा धुतलेली असते, गवत हिरव्याचं सोनेरी होत असतं. मार्चनंतर उन्हाने हवा धूसर होते आणि दरीचा तळ दिसेनासा होतो. पळस-पांगारा फुललेला पाहायचा असेल तर मात्र फेब्रुवारी-मार्चच.

आता मथळ्यातल्या गोष्टीकडे. सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. म्हणजे घाट उतरताना आपलं तोंड साधारण पश्चिमेला, चढताना पूर्वेला. सकाळी उतरलात तर सूर्य पाठीशी. दुपारी चढलात तरी सूर्य पाठीशी, शिवाय समोरचा अख्खा कडा उन्हात उजळलेला. याच्या उलट केलं, म्हणजे संध्याकाळी उतरायला घेतलं, तर प्रत्येक दुसऱ्या वळणावर सूर्य काचेतून डोळ्यांत घुसतो आणि समोरची एसटी ऐनवेळी दिसते. पुण्याहून सहाला निघालं, कापूरहोळच्या फाट्याने भोर, तिथे नाश्ता, दहाच्या सुमारास वरंध, दुपारचं जेवण महाडला. हे गणित आपोआप जुळतं. वाटेत शिवथरघळीचा फाटा लागतो, वेळ असेल तर जाऊन यावं. रायगड मात्र या फेरीत कोंबू नये, त्याला स्वतंत्र दिवस द्यावा.

फेरीची दिशा अशीच ठेवायला आणखी एक कारण आहे. दोन घाटांत आंबेनळी उंच. उंच घाट चढायला घ्यावा, ठेंगणा उतरायला, कारण गाडी चढताना चुकली तर चढच तिला आवरतो. उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि फार तापला की पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. जुने चालक सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्यात; इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक वळणापुरता लागतो. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती कुठे आहे हे घरीच पाहून ठेवावं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे महाभाग अजून भेटतात. त्यांच्या पुढे गाडी ठेवू नये.

अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा शिष्टाचार नव्हे, वाहतुकीचा नियमच आहे. चढावर थांबलेल्या जड गाडीला पुन्हा उचलणं कठीण जातं. आणि पार मागे वळणाऱ्या वळणावर एसटी किंवा ट्रक दिसला की अलीकडेच थांबा. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, त्यामुळे तिला वळायला अख्खा रस्ता लागतो. एसटीचा चालक तुमच्या बाजूला येतो तो दादागिरीने नव्हे. त्याला दुसरा मार्गच नसतो.

आंबेनळी दोन टप्प्यांत चढतो. पहिल्या टप्प्यानंतर कुंभरोशीजवळ प्रतापगडाचा फाटा आहे. गडाला दोन तास हवेत, म्हणून पोलादपूर दोनच्या आत सोडावं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दुसरा टप्पा अंधारात करण्यात काही अर्थ नाही. 1656 मध्ये शिवाजीराजांनी मोऱ्यांकडून गडाभोवतीचं हे जावळीचं खोरं घेतलं, 1659 मध्ये अफजलखान वाईहून याच डोंगरात उतरला. वाईचं मैदान सोडून तेवढं सैन्य या घळीत आणणं म्हणजे काय, हे पुस्तक वाचून कळतं त्याहून या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडत असताना चांगलं कळतं.

मागे बसलेल्यांना गाडी लागणार, हे धरूनच चालावं. डोळे मोबाइलवर स्थिर आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र मात्र प्रत्येक वळणाची वर्दी देतंय, हा विसंवाद पोटाला सोसत नाही. ज्याला लागते त्याला पुढे बसवा, नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांगा. चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, कारण वळण येणार हे त्याच्या शरीराला आधीच ठाऊक असतं. पोटभर मिसळ खाऊन घाटात शिरू नये, एवढं तरी पाळावं.

पेट्रोल महाडला किंवा पोलादपूरला महामार्गावर भरून घ्या. आंबेनळीत फोनची रेंज जाते-येते, तेव्हा रस्त्याचा नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवा. फोटोसाठी गाडी थांबवायची तर वळणावर कधीच नाही. पुढे रुंद जागा येतेच.

परतीचा दिवस रविवार असेल तर महाबळेश्वर सकाळीच सोडावं. दुपारनंतर पाचगणीपासून पसरणीपर्यंत गाड्यांची रांग लागते आणि घाटाची मजा समोरच्या गाडीचे मागचे दिवे बघण्यात जाते. सकाळी मात्र उतरताना वाईचं खोरं आणि धोमचं पाणी निवांत दिसतं. पुढे खंबाटकी घाट चढावा लागत नाही, पुण्याकडे येणाऱ्यांसाठी बोगदा आहे.

आणि वरंध बंदच असेल तर? मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरून माणगावला जावं, तिथून मुंबई-गोवा महामार्गाने महाड. अंतर वाढतं, म्हणून तासभर आधी निघावं. पुढचं सगळं तसंच.