सामायिक नोंदींची निगा

दि. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले व पुण्यातील नदीकाठच्या घरांबरोबर कित्येकांचे कागदपत्र नष्ट झाले. गावकरी ज्या सामायिक संगणकावर आपले पीक-अनुभव लिहून ठेवतात, त्यासही हाच धडा लागू आहे. नोंदींच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवाव्यात व एक प्रत गावाबाहेर असावी. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती पाहतात, तद्वत दरमहा एक प्रत उघडून तपासावी. प्रणालीतील सुधारणा वेळेवर बसवाव्यात. तत्पूर्वी नवी प्रत अवश्य काढावी. देखभालीचा अधिकार किमान दोघांस, प्रत्येकाच्या स्वतंत्र परवलीच्या शब्दासह, द्यावा. म्हणजे एकाच्या गैरहजेरीत काम अडणार नाही.