कोरडेपणांत जीव राखणारी साखर

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत गेली. अवर्षणाच्या सालीं पीकपाहणीस जातां करपलेलीं शेतें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. पाणी गेलें कीं जीव गेला, असाच आमचा समज होता. परंतु सृष्टींत कांहीं जीव असे आहेत कीं, अंगचें बहुतेक पाणी आटलें तरी ते मरत नाहींत; ओल मिळतांच पुन्हां चालूं लागतात. त्यांपैकीं कित्येकांस तारणाऱ्या साखरेची माहिती आम्ही येथें देत आहों.

हिचें नांव ट्रेहालोज. इ. स. १८३२ मध्यें विगर्स यांस राय धान्यावरील अरगट नांवाच्या बुरशींत ती सांपडली. १८५९ मध्यें फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेर्तलो यांनीं सोंडे किड्याच्या ‘ट्रेहाला’ नांवाच्या कोशांतून ती काढून तीस हें नांव दिलें. द्राक्षशर्करेचे दोन अणुगट जुळून ती बनते. गोडी उसाच्या साखरेच्या निम्म्याहून कमी.

आफ्रिकेंतील कातळांवरच्या डबक्यांत डासासारख्या एका माशीची अळी राहते. डबकें आटूं लागलें कीं ती ही साखर अंगांत सांठविते. वाळलेल्या अळीच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा हीच असते. पाणी निघून जातां ती कांचेसारखी घट्ट होऊन आंतील नाजूक रचना मोडूं देत नाहीं. २००२ मध्यें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत भाताच्या रोपांत ही साखर वाढविली, तेव्हां तीं क्षार, अवर्षण व थंडी यांस अधिक टिकलीं.

आम्हांस याचा उपयोग काय, असें वाचक विचारतील. हरभऱ्याच्या मुळांवर गांठी करणारे रायझोबियम जंतूही ही साखर करितात व सुकतांना तीवर निभावतात. परंतु ती म्हणजे अमरपट्टा नव्हे. एका वर्षीं आम्हीं जिवाणूंचें पाकीट तापत्या पत्र्याखालीं ठेविलें, आणि चोळलेलें बीं दुपारपर्यंत उन्हांत राहूं दिलें. पुढें रोपें उपटून पाहतां मुळांवर गांठी अगदीं विरळ. दोष आम्ही पाकिटास देत होतों. विचाराअंतीं तो आमचाच ठरला.

यास्तव मुदत पाहून पाकीट घ्यावें, थंड जागीं ठेवावें. बुरशीचें औषध लावावयाचें असल्यास तें आधीं लावून जिवाणू शेवटीं चोळावे. बीं सावलींत सुकवून लगेच पेरावें. त्या इवल्या जीवानें आपली बेगमी केलेलीच असते. तीस सावलीची जोड देणें एवढेंच आपलें काम.