फोटोची नोटीस आली तर...

घरोघरी मोबाईल आल्यापासून आपल्या मंडळांना, बचत गटांना आणि लहान धंदेवाल्यांना जाहिरात करणे सोपे झाले आहे. इंटरनेटवर चित्र शोधायचे, उतरवून घ्यायचे आणि आपल्या पानावर लावायचे. पण ते चित्र कोणीतरी काढलेले असते. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि त्यात हक्क मिळण्यासाठी नोंदणीची अट नाही. फोटो काढला की हक्क आला. 'फोटोवर नाव नव्हते' हा बचाव म्हणून पुरत नाही.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील एका बचत गटाच्या भगिनी एक इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. गट मसाला विकतो. एकीच्या भाच्याने इंटरनेटवर गटाचे पान करून दिले व त्यावर लाल मिरच्यांचा एक देखणा फोटो लावला. त्या एका फोटोपोटी एका कंपनीने ४२,००० रुपये चौदा दिवसांत मागितले होते. न भरल्यास दिवाणी दावा, शिवाय तुरुंग, असा दम. गटाच्या खात्यात निम्मी रक्कमही नव्हती. कोषाध्यक्ष ताईंनी तर गळ्यातले गहाण टाकायची तयारी केली होती.

पहिली गोष्ट ही की, असे पत्र म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. कोर्टाच्या समन्सवर कोर्टाचे नाव, शिक्का आणि दाव्याचा नंबर असतो. हे नुसते मागणीपत्र. म्हणून घाबरून लगेच पैसे भरू नयेत. पण ते चुलीतही घालू नये, कारण मागणी खरी असू शकते आणि उत्तर न देणाऱ्यावर दावा लावायला समोरच्याला कारण मिळते.

आम्ही आधी त्या पानाचे चित्र तारखेसह जपून ठेवले आणि मग फोटो काढून टाकला. काढल्याने मागचा हक्क बुडत नाही, पण पुढचे वाढत नाही. नंतर उत्तर लिहिले. त्यात कबुली नाही, शिवीगाळ नाही, फक्त प्रश्न. हा फोटो कोणी काढला? त्याचा हक्क तुमच्याकडे कोणत्या कागदाने आला? (कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीचे लागते.) हा फोटो वापरायला एरवी तुम्ही किती फी घेता? मग ४२,००० चा आकडा कसा काढला? पत्र स्पीड पोस्टाने पाठवले, पावती फाईलला लावली.

हे प्रश्न विचारण्याची गरज काय, ते अमेरिकेतील एका प्रकरणावरून कळेल. कॅरोल हायस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी आपले हजारो फोटो तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, सर्वांनी फुकट वापरावेत म्हणून. त्यांच्याच संस्थेला त्यांच्याच फोटोबद्दल १२० डॉलरचे मागणीपत्र आले! २०१६ साली बाईंनी गेटी इमेजेस व इतरांवर १०० कोटी डॉलरचा दावा लावला. त्यातला बहुतेक भाग न्यायालयाने फेटाळला व उरलेले तडजोडीने मिटले. पण मागणारा दरवेळी मालकच असतो असे नाही, हे जगाला दिसले.

आपल्याकडेही काही गोष्टी तपासून घ्याव्यात. पैसे देऊन लग्नाचे वा कार्यक्रमाचे फोटो काढून घेतले असतील, तर वेगळा करार नसल्यास कलम १७ प्रमाणे पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. १९५० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या फोटोंची मुदत संपलेली आहे. फोटोला कॉपीराइट आहे हे माहीत नव्हते आणि तसे वाटायला सबळ कारणही नव्हते असे सिद्ध झाले, तर कलम ५५ प्रमाणे भरपाई मिळत नाही, मनाई हुकूम व झालेल्या नफ्यातील वाटा एवढेच मिळते. मात्र हे सिद्ध करणे अवघड असते. तुरुंगाचे कलम ६३ खरे आहे, सहा महिने ते तीन वर्षे, पण ते जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी. आणि विनाकारण धमक्या देणाऱ्याविरुद्ध कलम ६० खाली आपल्यालाही कोर्टात जाता येते.

तीन आठवड्यांनी कंपनीने छायाचित्रकाराचा करार पाठवला. मागणी खरी होती. फोटोची नेहमीची फी मात्र ३,५०० निघाली. पुन्हा दोन पत्रे झाली आणि ४,००० वर मिटले. 'पूर्ण व अंतिम, यापुढे काही मागणी नाही' असे सहीनिशी लिहून घेतल्यावरच भगिनींनी पैसे भरले. काहीजण म्हणाले, तेवढे तरी का द्यायचे? माझे मत वेगळे आहे. आपल्या शाहिरांची गाणी कॅसेटवाल्यांनी विकली आणि शाहीर चाळीतच राहिले, याचा आपल्याला संताप येतो ना? मग मिरच्यांचा फोटो काढणाऱ्याचीही मजुरी आहे.

दोन पत्रांत मिटले नाही किंवा खरेच समन्स आले, तर वकील हवा. त्याची फी परवडत नाही म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही यात येतात. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, फोन १५१००. जाताना मागणीपत्र, पाकीट, जपून ठेवलेले चित्र, आपल्या उत्तराची प्रत आणि जातीचा दाखला बरोबर न्यावा.