लेखकाचे मेज: कळफलक, कोश आणि एक वही

लिहिणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात: तुम्ही कशावर लिहिता आणि सध्या काय वाचता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी टाक आणि दौत असे असायचे. आता ते संगणक किंवा मोबाईल असे असते. प्रश्न वरवरचा वाटला तरी तो तसा नाही. साधन केवळ शब्द उमटवत नाही; पुष्कळदा कोणता शब्द उमटावा हेही तेच ठरवते. गोव्यात मराठी लिहिणाऱ्याने तर हे विशेष ध्यानात ठेवायला हवे.

उपसंपादकाच्या कामात नवखेपणा असतानाची गोष्ट. खाजन शेतीवरचा एक मजकूर माझ्याकडे संपादनासाठी आला. त्यात ‘मानस’ हा शब्द होता. मानस म्हणजे मन, एवढेच मला ठाऊक. वाचक गोंधळतील म्हणून तिथे ‘पाण्याची झडप’ असा बदल केला. दुसऱ्या दिवशी एका वयोवृद्ध वाचकाचा दूरध्वनी आला. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. मानस म्हणजे नुसती झडप नव्हे. खाऱ्या पाण्यापासून शेत राखणाऱ्या बांधातली ती वाट. तिचे दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. तिथे मासे धरण्याच्या हक्काची पावणी होते. “झडपेची पावणी झालेली कुणी ऐकली आहे का?” त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. एक शब्द खोडताना त्याला जोडलेली गावची एक व्यवस्थाच मजकुरातून खोडली गेली होती. लेखनाच्या साधनांचा गांभीर्याने विचार तेव्हापासून सुरू झाला.

पहिले साधन कळफलक. आज बहुतेक जण रोमन अक्षरांत मराठी टंकतात आणि पडद्यावर सुचवलेल्या शब्दांतून एक निवडतात. सोय मोठी आहे, पण रोमन अक्षरांत ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘त’ आणि ‘ट’ हा भेद राहत नाही. माल, माळ, मल, मळ या चारही शब्दांसाठी बोटे त्याच तीन कळा दाबतात. शब्द ठरवते यंत्र. जे सर्वत्र अधिक लिहिले जाते ते वर येते आणि ‘कुळागर’सारखा गावचा शब्द मागे पडतो किंवा चूक ठरून अधोरेखित होतो.

ही अडचण गोव्याला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेव्हा देवनागरीचे खिळे नसल्यामुळे मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. मात्र ‘ळ’ आणि ‘ल’ यांची गल्लत होऊ नये म्हणून ‘ळ’साठी रोमन अक्षर दुहेरी छापले गेले. लिपी परकी असूनही भेद राखण्याची काळजी माणसाने घेतली होती. चार शतकांनंतर लिपी आपली आहे, पण ती काळजी आपण यंत्रावर सोपवली आहे.

यावर उपाय म्हणजे इन्स्क्रिप्ट कळफलक. त्यात डाव्या हाताला स्वर व मात्रा आणि उजव्या हाताला व्यंजने अशी मांडणी आहे. ‘क’च्याच कळेवर शिफ्ट दाबून ‘ख’ मिळतो, ‘ग’च्या कळेवर ‘घ’. बाराखडी ज्याला येते त्याला या मांडणीतला क्रम लवकर उमगतो. आरंभी वेग मंदावतो. पण प्रत्येक अक्षर आपण स्वतः निवडतो. एक उदाहरण पुरेसे आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात साधा ‘र’, दुसऱ्यात खाली नुक्ता असलेला ‘ऱ’. इन्स्क्रिप्टमध्ये तो ‘र’च्या कळेवर शिफ्ट दाबून मिळतो. हे ठाऊक नसल्यामुळे ‘दुसर्या’, ‘वार्याने’ अशी रूपे रोज आमच्यासमोर येतात. ज्या राज्यात पश्चिमेला दर्या आणि पूर्वेला दऱ्या आहेत, तिथे हा भेद चुकणे बरे नव्हे.

दुसरे साधन कोश. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला आणि 1857 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि सहकाऱ्यांनी 1932 ते 1938 या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड सिद्ध केले, पुरवणी खंड 1950 मध्ये आला. या कोशात प्रांतविशिष्ट शब्दांपुढे खूण केलेली असते. ‘गो.’ म्हणजे गोमंतक. ही खूण सांगते की, हा शब्द अशुद्ध नाही, त्याला एक गाव आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात दोन्ही कोश विनामूल्य पाहता येतात. संपादनात अनोळखी शब्द खोडण्यापूर्वी एवढा शोध घेतलाच पाहिजे.

तिसरे साधन सर्वांत स्वस्त: एक वही. कोशात सगळे सापडत नाही. म्हणून नवा शब्द ऐकला की तो कुठल्या गावात, कोणत्या कामाच्या संदर्भात आणि कोणत्या वाक्यात ऐकला, हे लिहून ठेवावे. वाक्य महत्त्वाचे, वाक्यावाचून टिपलेला शब्द पुढे आपल्यालाच अनोळखी होतो. माझ्या वहीतली पहिली नोंद ‘मानस’ हीच आहे, आणि तिच्याखाली पावणीचे ते वाक्य.

आता वाचनाविषयी. अलीकडे वाचलेली, काही पुन्हा वाचलेली, तीन पुस्तके सुचवावीशी वाटतात. पहिले ‘क्रिस्तपुराण’च. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती 1956 मध्ये प्रसिद्ध झाली. धार्मिक ग्रंथ म्हणून कुणी वाचो वा न वाचो, ओवीचा छंद परक्या माणसाने किती आपलासा केला हे पाहण्यासाठी तो वाचावा. रोज दहा ओव्या मोठ्याने वाचल्या तरी कान तयार होतो.

दुसरे महादेवशास्त्री जोशी यांचे ‘आत्मपुराण’. सत्तरीतल्या आंबेड्याचा हा मुलगा पुढे दहा खंडांच्या ‘भारतीय संस्कृतिकोशा’चा संपादक झाला. संस्कृताचे संस्कार आणि गावची बोली यांना एकाच वाक्यात सुखाने नांदवण्याची त्यांची हातोटी आपल्यासारख्यांना फार शिकवून जाते.

तिसरे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’, 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले. लक्ष्मीबाई शाळेत शिकल्या नव्हत्या. त्यांच्या गद्यात एकही शब्द दाखवण्यासाठी आलेला नाही. जो तोंडात होता तोच कागदावर उतरला. लिहिताना वाक्य अवजड होऊ लागले की याची चार पाने वाचावीत.

नवीन यंत्रांशी वैर धरण्याचे कारण नाही. हा लेखही संगणकावरच लिहिला आहे. सुचवलेला शब्द स्वीकारण्यापूर्वी क्षणभर थांबून, हा आपल्याला हवा होता तोच का, एवढे विचारावे. तो दूरध्वनी आला नसता, तर माझ्या हातून मानशीची झडप पुन्हा पुन्हा होत राहिली असती आणि ती कुणाला चूक वाटलीही नसती.