होया

मेणासारखी चकचकीत फुले येणाऱ्या उष्ण कटिबंधीय वेलींची प्रजाती. रुईचा समावेश असलेले ॲस्क्लेपिएडेसी हे तिचे कुल पूर्वी स्वतंत्र मानीत. आता त्याचा अंतर्भाव करवीर कुलात (ॲपोसायनेसी) करतात. रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८१० मध्ये ही प्रजाती प्रस्थापित केली व सायन हाऊस या इंग्लंडमधील वास्तूच्या बागेचे प्रमुख टॉमस हॉय यांचे नाव तिला दिले. सह्याद्रीतील जंगलांत होया वायटी ही जाती आढळते. घरात मुख्यतः होया कार्नोजा ही पूर्व आशियातील जाती लावतात. पुढील माहिती तिच्यासंबंधी आहे.

ही वेल निसर्गतः मोठ्या वृक्षांच्या आधाराने अपिवनस्पती म्हणून वाढते. मुळांना माती थोडी मिळते व पाऊस थांबताच ती सुकतात. म्हणून पाने जाड, मांसल व पाणी साठविणारी असतात. त्यांवरील रंध्रे रात्री उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेतात, त्यामुळे बाष्पोच्छ्वासाने होणारी पाण्याची हानी कमी होते. फुले फिकट गुलाबी, ताऱ्यासारखी, मध्ये लालसर तोरण असलेली व चामरकल्प फुलोऱ्यात येतात. त्यांचा सुगंध रात्री वाढतो.

घरातील वेलीला पाने भरपूर येऊनही फुले येत नाहीत, याचे कारण बहुधा अपुरा प्रकाश, अतिरिक्त पाणी किंवा चुकीची छाटणी हे असते. पूर्वेकडील खिडकीजवळची जागा उत्तम. दुपारच्या प्रखर उन्हाने पाने करपतात. पालापाचोळ्याचे खत, जाड वाळू, विटांचे व कोळशाचे तुकडे यांचे पाणी झटकन निचरणारे मिश्रण वापरतात. कुंडी लहान असावी. मोठ्या कुंडीतील माती फार काळ ओली राहून मुळे कुजतात. वरची माती सुकल्यावरच पाणी देतात. हिवाळ्यात ते आणखी कमी करतात. तापमान १०° से.च्या खाली जाऊ देत नाहीत.

फुले गळल्यावर उरणारा आखूड दांडा कापू नये. पुढील हंगामाचा फुलोरा त्याच दांड्याच्या टोकावर येतो. तो काढल्यास तेथील बहर बुडतो. तसेच पाने नसलेले लांब कोंब वाळलेले समजून तोडू नयेत. त्यांवर पाने मागाहून येतात. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलल्यास त्या गळण्याचा संभव असतो.

लागवड दोन-तीन पेऱ्यांच्या छाट कलमांनी करतात. कलमापासून फुले येण्यास साधारणतः दोन-तीन वर्षे लागतात. होया केरी या जातीचे हृदयाकृती सुटे पान कुंडीत रोवून विकतात; त्याला मुळे फुटतात, परंतु खोडाचा डोळा नसल्यास त्यापासून वेल तयार होत नाही. पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत दिसल्यास ते ओल्या फडक्याने पुसून काढतात.