आधी बस, मग शुल्क

‘बेलापूर’ म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे नवी मुंबईतले बेलापूर उभे राहते. आमचे बेलापूर प्रवरेच्या काठचे, श्रीरामपूर तालुक्यातले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच; आणि खरे सांगायचे तर बस नसती तर ती पायरी मला लांबूनच पाहावी लागली असती. सुटीत मुंबईच्या उपनगरात मामांकडे गेले होते. तेथे वाहनांच्या गर्दीत एक भरलेली बस अडकून पडलेली पाहिली. तिच्या पुढेमागे एकेक माणूस बसलेल्या मोटारी होत्या. तेव्हा मनात आले, पन्नास जणांची बस आणि एकट्याची मोटार, दोघींना रस्ता सारखाच फुकट कसा?

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली मांडले की एखाद्याच्या कृतीचा भुर्दंड दुसऱ्यावर पडत असेल, तर तो त्या कृतीच्या किमतीत धरला पाहिजे. गर्दीच्या वेळी रस्त्यावर आलेली प्रत्येक मोटार मागच्या सर्वांचा थोडा थोडा वेळ खाते. त्या वेळेची किंमत वसूल करणे, यालाच कोंडी-शुल्क म्हणता येईल. टोल आणि हे शुल्क एक नव्हे. टोल रस्त्याचा वा पुलाचा खर्च भरून काढण्यासाठी असतो. कोंडी-शुल्क गर्दी कमी करण्यासाठी असते.

हा प्रयोग सर्वप्रथम सिंगापूरने १९७५ साली केला. सकाळच्या वेळी शहराच्या मध्यभागात मोटार न्यायची तर तीन सिंगापुरी डॉलरचा परवाना काचेवर चिकटवावा लागे. मात्र चार माणसे बसलेल्या मोटारीला माफी होती. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ पासून दिवसाला पाच पौंड आकारणी सुरू केली आणि निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायद्याने बंधन घातले.

परंतु सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट स्टॉकहोमची आहे. तेथे ऑगस्ट २००५ मध्ये आधी जादा बसगाड्या सुरू झाल्या. शुल्क आले ते जानेवारी २००६ मध्ये, तेही सात महिन्यांच्या चाचणीपुरते. शुल्काच्या हद्दीवरील वाहतूक सुमारे एक-पंचमांशाने घटली. चाचणी संपल्यावर सप्टेंबरात मतदान झाले, शहराने होकार दिला आणि २००७ पासून शुल्क कायम झाले. उलट मँचेस्टर व त्याच्या उपनगरांत डिसेंबर २००८ मध्ये सुमारे चार-पंचमांश मतदारांनी अशीच योजना फेटाळली. ट्राम व बस यांची बहुतेक सोय आधी, शुल्क नंतर, असा शब्द तेथेही दिलेला होता. पण मतदाराच्या हाती फक्त शब्दच होता. स्टॉकहोमच्या नागरिकाने बस डोळ्यांनी पाहिली होती.

आता मुंबईकडे वळू. शहराच्या पाच प्रवेशनाक्यांवर उड्डाणपुलांच्या खर्चासाठी टोल घेतला जाई. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोटारींसह हलक्या वाहनांना तो माफ झाला. पुढे मे २०२५ मध्ये बेस्ट बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. टोलमाफीमागे नाक्यावरील रांगांना कंटाळलेल्या लोकांची जुनी मागणी होती आणि भाडेवाढीमागे बेस्टचा तोटा होता, हे मान्य. तरीही दोन्ही निर्णय शेजारी ठेवून पाहा: मोटारीचा प्रवेश स्वस्त झाला, बसचा प्रवास महागला. लंडनने आखलेला पैशाचा मार्ग मोटारीकडून बसकडे जातो. आपल्याकडे ते वळण उलटे पडले.

कोणी म्हणेल, शुल्क लावले तर श्रीमंत ते भरून मोकळे होतील आणि गरीब मरेल. ही शंका खोटी नाही. आमच्या भागातला भाजीचा टेम्पो वाशीच्या बाजारात जातो. त्याच्यावर बोजा पडला तर तो शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापला जाणार. म्हणून माल वाहणाऱ्या छोट्या वाहनांचा वेगळा विचार हवा. पण ज्याच्याकडे मोटारच नाही, त्याला शुल्काची झळ कमी आणि वेळेवर येणाऱ्या बसचा लाभ अधिक, हेही विसरता कामा नये. अट एकच: शुल्काचा पैसा बसलाच मिळाला पाहिजे.

१ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एस.टी. नगरहून पुण्याला निघाली. आपल्या जिल्ह्याला हा मान आहे. ज्या घरात सायकलीपलीकडे वाहन नव्हते, त्या घरांतली मुले-मुली त्या लाल गाडीने शाळा-कॉलेजांपर्यंत पोहोचली. म्हणून मला वाटते, उद्या पुण्या-मुंबईत कोंडी-शुल्काचा विचार झालाच, तर पहिले पाऊल शुल्काच्या नाक्याचे नसावे, बसथांब्याचे असावे. थांब्यावर बस येऊ लागली की शुल्काची गोष्ट लोक निदान ऐकून तरी घेतील.