टाके निघाले, तरी उपचार संपत नाहीत!

नांदेड/लातूर : तुळजापूर-नागपूर राष्ट्रीय महामार्गाने लातूर व नांदेड ही शहरे जोडली आहेत. रस्ते रुंद झाले, तसा वेगही वाढला. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर वाचतो, टाके निघतात, तो चालू-बोलू लागतो. ‘आता सगळे ठीक झाले’ असे समजून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. मात्र, खरी परीक्षा अनेकदा त्यानंतरच सुरू होते.

पूर्वी शांत असणारा माणूस क्षुल्लक कारणावरून भडकतो. दुकानात जातो, पण काय आणायचे ते विसरतो. आंघोळीलाही दहा वेळा सांगावे लागते. घरच्यांना हा आळस किंवा हट्टीपणा वाटतो. काही कुटुंबे बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात वेळ घालवतात.

स्वभाव का बदलतो?

मेंदूचा कपाळामागचा भाग नियोजन, निर्णय आणि रागावरील नियंत्रण सांभाळतो. कानाजवळच्या भागाचा संबंध स्मरणशक्तीशी असतो. जोरदार धक्क्याने मेंदूतील सूक्ष्म तंतू ताणले किंवा तुटले जातात. ही इजा सीटी स्कॅनमध्ये दिसेलच असे नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ असूनही त्रास खरा असू शकतो.

त्यात नैराश्याची भर पडते. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूला इजा झालेल्या ५५९ रुग्णांपैकी ५३ टक्के रुग्णांना पहिल्या वर्षात तीव्र नैराश्याने ग्रासल्याचे आढळले होते. औषधे व समुपदेशनाने हे नैराश्य आटोक्यात येऊ शकते.

घरातच घडते स्वावलंबन

रुग्णाचे प्रत्येक काम घरच्यांनीच करणे ही माया असली, तरी त्यामुळे तो अधिकच परावलंबी होतो. उठणे, जेवण, औषध आणि झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. वही, भिंतीवरील दिनदर्शिका व मोबाइलचा गजर हे स्मरणशक्तीला आधार देतात. एका वेळी एकच काम सांगावे. आधी सोबतीने, मग दुरून लक्ष ठेवून आणि शेवटी एकट्याने, अशा क्रमाने बाजारहाट, थोड्या पैशांचा हिशेब, एसटीचा प्रवास ही कामे त्याच्याकडे सोपवावीत. वाहन चालवणे मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. मद्यही पूर्णपणे टाळावे. रात्रंदिवस सांभाळणाऱ्या आई किंवा पत्नीलाही विश्रांती हवी, याचा घरच्यांना विसर पडू नये.

मदत कोठे मिळेल?

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे मानसोपचार तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. फिट येणे, वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या किंवा जीव देण्याची भाषा, यांपैकी काहीही आढळल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मेंदूच्या दुखापतीचा स्वतंत्र उल्लेख नाही. तथापि, तिच्यामुळे आलेले चालण्यातील अथवा बोलण्यातील कायमस्वरूपी अपंगत्व किंवा मानसिक आजार यांच्या आधारे प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घेता येते. अपघात भरपाईच्या दाव्यातही केवळ शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी नव्हे, तर कमाईच्या क्षमतेवर झालेला परिणाम पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. म्हणूनच विसराळूपणा, चिडचिड, कामातील अडचणी यांची नोंद उपचारांच्या कागदपत्रांत होणे महत्त्वाचे ठरते.

बरे होण्याची ही वाट महिन्यांची, कधी वर्षांची असते. माणूस पूर्वीसारखा होईलच असे नाही. परंतु स्वतःचा चहा स्वतः करून घेण्यापासून त्याचे स्वावलंबन पुन्हा सुरू होऊ शकते. त्यासाठी घरच्यांनी आधी त्याचा ‘हट्टीपणा’ हा आजार म्हणून ओळखायला हवा.